वेताळ आला पेपरवाल्याच्या सायकलवरून

महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी सत्तरच्या दशकात ‘कॉमिक्सचं दुकान’ होतं असं कोणी सांगितलं, तर बेलाशक अविश्वास दाखवावा. पुस्तकांची दुकानं होती, पण ती जूनमध्ये जागी होत आणि जुलैत पुन्हा पेंगायला लागत. वह्या, गाइडं, कंपासपेट्या आणि व्यवसायमाला, एवढ्यावर त्यांचं वर्ष निघे. निव्वळ मुखवटेधारी वीरांच्या चित्रपुस्तकांवर दुकान चालवायची चैन तेव्हा मुंबई-पुण्यालाही परवडणारी नव्हती. आणि तरी वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही मंडळी घराघरांत ठाऊक होती. दुकान नाही, तर माल यायचा कुठून?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कॉमिक्स म्हटलं की अमेरिकेतलं ते खास दुकान डोळ्यांपुढे येतं: भिंतभर अंक, काउंटरमागे सगळं पाठ असलेला मालक. पण सुपरमॅन 1938 साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला तेव्हा अमेरिकेतही असं दुकान नव्हतं. दहा सेंटांचा तो अंक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानात मासिकांच्या ढिगात मिळायचा. न खपलेले अंक परत जायचे. 1973 साली ब्रुकलिनमधले एक शाळामास्तर, फिल स्यूलिंग, यांनी प्रकाशकांपुढे वेगळा सौदा ठेवला: सूट जास्त द्या, अंक थेट आमच्याकडे पाठवा, उरलेले आम्ही परत करणार नाही. या सौद्यावर कॉमिक्सची खास दुकानं उभी राहिली. म्हणजे पहिली पस्तीस वर्षं सुपरहिरो अमेरिकेतही वर्तमानपत्रांच्या शेजारीच खपत होते.

आपल्याकडेही नेमकं तेच झालं, फक्त इथे शेजारचं वर्तमानपत्रच प्रकाशक निघालं.

मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं. पहिला अंक वेताळाचा, किंमत साठ पैसे. वेताळ मुळात अमेरिकेतला ‘फँटम’, लेखक ली फॉक यांनी 1936 मध्ये जन्माला घातलेला. त्याच्याकडे अमानवी शक्ती कुठलीच नाही, म्हणून कर्मठ मंडळी त्याला सुपरहिरो मानत नाहीत. पण अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर पट्टी, गुप्त ओळख आणि वाईटाशी लढायची शपथ ही सगळी सामग्री त्याच्याकडे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी होती. कर्मठांना हात जोडून पुढे जावं हे बरं. भारतातल्या इंग्रजी वाचकांना तो नवा नव्हता, कारण ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्याच्या चित्रपट्ट्या येत असत. इंद्रजालने त्याला पुस्तकाचं अंग दिलं आणि इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांत बोलतं केलं.

हे काम फार सोवळ्याने झालं असं नाही. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींनी सरकणारी गोष्ट पानात बसवायची म्हणजे चौकटी छाटायच्या, संवाद गाळायचे, कधी दोन चित्रांची जागा एकाने भरून काढायची. भारतीय वाचकाला खटकतील अशी नावंही बदलली. वेताळाचा देश मूळ कथांत ‘बंगाली’ होता, तो इथे ‘डेंकाली’ झाला. चाच्यांच्या टोळीचं ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झालं. संपादकाची भीती रास्त होती. नाहीतर पंजाबातून पत्रांचा पाऊस पडला असता. मुखपृष्ठं मात्र इथेच रंगवली जात आणि बी. गोविंद यांच्या कुंचल्यातून उतरलेली कित्येक मुखपृष्ठं आतल्या चित्रांपेक्षा सरस आहेत, हे जुने संग्राहक आजही ठासून सांगतात.

आता खरी गोम. टाइम्सकडे दुकानं नव्हती, पण त्याहून मोलाची गोष्ट होती: पहाटे गावोगाव पोचणारी वितरणाची साखळी. छापखाना, रेल्वेचा डबा किंवा एसटीचा टप, स्टेशनवर गठ्ठा उतरवून घेणारा एजंट, आणि शेवटी हँडलला पिशवी अडकवून निघालेला पेपरवाला. वर्तमानपत्राला रोज जायचंच आहे, त्याच गठ्ठ्यात इंद्रजालचे पाच-दहा अंक सरकवायला वेगळा खर्च तो किती? त्यामुळे ज्या गावात पुस्तकाचं धड दुकान नव्हतं, त्या गावातही वेताळ वेळेवर हजर व्हायचा. सुरुवातीला मासिक असलेलं इंद्रजाल पुढे पाक्षिक आणि मग साप्ताहिक झालं. घराघरांत पेपरच्या महिन्याच्या बिलात ‘इंद्रजाल’ अशी एक वेगळी ओळ येऊ लागली आणि त्या ओळीवरून वडिलांशी वाटाघाटी सुरू झाल्या.

वर्तमानपत्राच्या वाटेने यायचं म्हणजे वर्तमानपत्राची दुखणीही वाट्याला येणार. टाइम्समध्ये संप झाला तेव्हा इंद्रजालचे 123 आणि 124 हे क्रमांक निघालेच नाहीत. 1990 मध्ये मालिका बंद पडेपर्यंत एकूण 803 अंक आले, आणि मधली ती दोन भोकं तशीच राहिली.

पेपरवाल्यानंतर नंबर लागतो स्टेशनचा. 1877 साली अलाहाबादेत सुरू झालेल्या ए. एच. व्हीलर कंपनीचे बुकस्टॉल फलाटा-फलाटांवर होते. गाडी सुटायला दहा मिनिटं असताना कडेवरच्या किंवा बोटाला धरलेल्या पोराला गप्प करायचा हमखास उपाय तिथे टांगलेला असे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर हेच दृश्य जरा धुळकट. अंक सुतळीवर चिमट्यांनी लटकवलेले, उन्हाने मुखपृष्ठाचा लाल रंग उडून गुलाबी झालेला. इथे विकत घेणारं गिऱ्हाईक मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला निघालेलं. प्रवासात एक अंक वाचून व्हायचा आणि मामाच्या गावी पोचल्यावर तो भावंडांत फिरायला लागायचा.

तरी सगळ्यांत जास्त अंक हातांतून फिरले ते नव्या मालाच्या विक्रीतून नव्हे, तर रद्दीच्या दुकानातून आणि वाचनालयातून. रद्दीवाला गठ्ठा उघडायचा, पेपर तागडीकडे सरकवायचा आणि कॉमिक्स निमूटपणे बाजूला काढायचा. गठ्ठा किलोच्या भावाने घेतलेला असला तरी कॉमिक नगाच्या भावाने विकता येतं, हे त्याला कुठल्याही अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाआधी कळलं होतं. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुन्या पुस्तकवाल्यांच्या ढिगांत परदेशी सुपरमॅन-बॅटमॅनही सापडत. मुखपृष्ठ असेलच याची खात्री नाही, मागचा-पुढचा अंक मिळण्याची तर नाहीच. क्रमशः चालणारी गोष्ट मधूनच सुरू करून मधूनच सोडायची सवय त्या पिढीला लागली ती या ढिगांमुळे. फाउंटनचे पुस्तकवाले महापालिकेने 2005 मध्ये हटवले.

गल्लीतलं वाचनालय हा तर वेगळाच उद्योग. एखाद्या जिन्याखाली, पानाच्या टपरीला लागून, नाहीतर घरच्याच ओट्यावर ते सुरू व्हायचं. अनामत ठेवायची, दिवसाचं भाडं द्यायचं. चार आणे, पुढे आठ आणे, गावागणिक दर निराळा. विदर्भात ‘किरायाने’ आणायचं, पुण्यात ‘लायब्ररीतून’. मालक अंकाला खाकी पुठ्ठा चढवायचा, टोच्याने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायचा, आणि वेताळाच्या छातीवर नेमका रबरी शिक्का मारायचा. शिवण इतकी आत जायची की डावीकडच्या चौकटीतले संवाद अर्धे वाचायचे नि अर्धे ताडायचे. तिथेच बाकावर बसून वाचलं तर भाडं कमी. एका अंकामागे वीस-पंचवीस वाचक सहज निघत, आणि प्रकाशकाच्या हिशेबात मात्र एकच प्रत खपलेली.

ऐंशीच्या दशकात याच वाटेने हिंदी माल आला. दिल्लीच्या राज कॉमिक्सने 1986 मध्ये नागराज काढला, वर्षभरात अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव आला. मराठी आवृत्ती नव्हती, पण लिपी तीच; जालना, नांदेड, नागपूरच्या पोरांना अडलं नाही. उलट कित्येकांचं हिंदी शाळेपेक्षा इथेच पक्कं झालं. नागराजच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं काढली होती पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. ‘अमर चित्र कथा’तले देव-राजे रेखाटणारा हाच हात, अमिताभ बच्चनला ‘सुप्रीमो’ बनवून काढलेल्या मालिकेतही तोच होता. राज कॉमिक्सचा डोगा तर राहायलाच मुंबईत: कचऱ्यात सापडलेलं मूल, मोठेपणी कुत्र्याचा मुखवटा घालून गुंडांचा समाचार घेणारा. मुंबईचा हा राखणदार हिंदीत बोलायचा आणि दिल्लीहून पार्सलने यायचा, याची मुंबईला ना खंत ना खेद. मराठी प्रकाशकांनी या जागेकडे पाहिलंच नाही, हे मात्र नोंदवायला हवं. मुलांच्या साहसकथांचे वाचक इथे होते, चित्रकारही होते. रंगीत छपाईत पैसा घालून दर महिन्याला अंक काढायची हिंमत कोणी केली नाही.

मग केबल आली, 1995 मध्ये कार्टून नेटवर्क आलं, 1997 मध्ये दूरदर्शनवर शक्तिमान गिरक्या घेऊ लागला. कॉमिक्स ओसरल्याचा दोष टीव्हीला देण्याची पद्धत आहे, पण तो अर्धाच खरा. गल्लीतली वाचनालयं व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायला लागली, कारण त्यात भाडं जास्त होतं. कॉमिक्सची वाट दुसऱ्याच्या मालकीची होती. मालकाने ती वळवली आणि कॉमिक्स रस्त्यात राहिली.

त्यानंतर गॉथम कॉमिक्सने मार्व्हल आणि डीसीचे अंक भारतात स्वस्तात छापून पाहिले. 2004 मध्ये त्यांच्याच पुढाकारातून मुंबईचा स्पायडरमॅन आला: पवित्र प्रभाकर, मावशीचं नाव माया, काकांचं भीम, आणि पोशाखाला धोतर. चार अंकांत गोष्ट आटोपली. 2007 मध्ये फ्लिपकार्ट पुस्तकं विकायला लागलं, 2011 मध्ये दिल्लीपाठोपाठ मुंबईत कॉमिक कॉन भरलं, आणि आज लातूरला बसून बॅटमॅनचा जाडजूड खंड मागवता येतो. निवड अमाप, फक्त किंमत पोराच्या खाऊच्या पैशातली उरली नाही. साठ पैशांचं गिऱ्हाईक दहा वर्षांचं होतं. आताचं गिऱ्हाईक पस्तिशीतलं आणि पगारदार आहे. 2023 मध्ये पवित्र प्रभाकर ज्या स्पायडरमॅनपटात झळकला, तो मराठीत डब होऊन आला. दहा वर्षांच्या मराठी मुलासाठी पडद्यावरचा स्पायडरमॅन मराठी बोलतो, पण पेपरवाल्याच्या पिशवीत त्याच्यासाठी काही नसतं.

मराठी इंद्रजालचे अंक ‘पुस्तक’ मानून जपावेत असं तेव्हा फारसं कोणाला वाटलं नाही, त्यामुळे जे उरलेत ते खाजगी ट्रंकांत आणि माळ्यांवरच. दिवाळीच्या साफसफाईत असा गठ्ठा हाती लागला तर रद्दीत टाकण्याआधी क्रमांक बघा, तारीख बघा, गावातल्या ग्रंथालयात विचारा, नाहीतर निदान मोबाइलवर पानन्‌पान टिपून ठेवा. 123 आणि 124 तेवढे शोधत बसू नका.