व्होल्गाकाठचे दुब्ना

शाळेच्या भिंतीवरील मूलद्रव्यांच्या तक्त्यात १०५ व्या घरी ‘डब्नियम’ हे नाव आढळते. मॉस्कोच्या उत्तरेस सुमारे १२५ किलोमीटरांवर, व्होल्गा नदीच्या काठी वसलेल्या दुब्ना या नगरावरून ते दिले गेले. एका लहानशा गावास हा मान कसा लाभला?

या भूमीचा पूर्वेतिहास वेठीचा आहे. येथून निघणारा मॉस्को–व्होल्गा कालवा १९३७ साली खुला झाला. तो प्रामुख्याने कैद्यांनी खणला आणि त्यांतील हजारो त्या श्रमांत मरण पावले.

महायुद्धानंतर याच परिसरात गुप्तपणे प्रयोगशाळा उभी राहिली. अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र तेथे डिसेंबर १९४९ मध्ये सुरू झाले. बाहेर मात्र तिचे नाव ‘जलतांत्रिक प्रयोगशाळा’! इटालियन शास्त्रज्ञ ब्रूनो पोंतेकोर्व्हो १९५० साली सहकुटुंब येथे आले. ते कोठे आहेत, हे जगाला १९५५ पर्यंत ठाऊक नव्हते.

पुढे दार उघडले. २६ मार्च १९५६ रोजी ११ राष्ट्रांनी करार करून संयुक्त अणुकेंद्र संशोधन संस्था स्थापिली. त्याच वर्षी दुब्नाला नगराचा दर्जा मिळाला. पुढील वर्षी ३६,००० टन वजनाच्या चुंबकाचे नवे यंत्र चालू झाले. न्यूट्रिनो हा सूक्ष्म कण आपले रूप पालटत असावा, हा विचार पोंतेकोर्व्होंनी १९५७ साली येथेच मांडला. त्याच्या प्रत्यक्ष प्रमाणास २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर त्यांना जाऊन २२ वर्षे लोटली होती.

नव्या मूलद्रव्यांच्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावर दुब्ना आणि अमेरिकेतील बर्कली यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. १९९७ साली १०५ व्या मूलद्रव्याचे नाव ठरले. त्यानंतर दुब्ना आणि अमेरिकेतीलच लिव्हरमोर येथील शास्त्रज्ञांनी मिळून आणखी मूलद्रव्ये शोधली. ११४ व्यास दुब्नाच्या फ्ल्योरोव्ह प्रयोगशाळेचे आणि ११६ व्यास लिव्हरमोरचे नाव २०१२ साली मिळाले. कालचे प्रतिस्पर्धी देश तक्त्यात जवळ आले. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर मात्र पोलंड आणि चेक प्रजासत्ताक या संस्थेतून बाहेर पडले. असा सहकार जोडण्यास दशके लागतात; तोडण्यास एक युद्ध पुरते.

मुलांना तो तक्ता शिकविताना एवढे अवश्य सांगावे, की तेथे शास्त्रज्ञांची आणि नगरांची नावे आहेत. कालवा खणणाऱ्यांपैकी कोणाचेही नाही. त्यांची आठवण ठेवणे हे विज्ञानाचे काम नसेल, पण इतिहासाचे निश्चितच आहे.