स्त्रीवेषांतले केशवराव भोसले

मराठी रंगभूमीवर लुगडें नेसून उभ्या राहिलेल्या पुरुषांचा विषय निघाला, कीं वाचकांच्या मनांत बालगंधर्वांचें नांव प्रथम येतें, आणि पुष्कळदां विषय तेथेंच संपतो. हें स्वाभाविक आहे. परंतु त्या प्रखर तेजापुढें दुसऱ्या एका गायकनटाचें चरित्र उगीचच झांकोळलें गेलें आहे. हा नट कोल्हापूरचा. लौकिक अर्थानें कुलहीन नसला तरी अकिंचन. आणि एकतीस वर्षांच्या आयुष्यांत स्त्रीवेष धारण करण्याचा व तो उतरविण्याचा, असे दोन्ही पराक्रम त्यानें केले. केशवराव भोसले यांच्यासंबंधीं येथें जें लिहावयाचें आहे तें मुख्यतः या दुसऱ्या पराक्रमाविषयीं.

आपल्याकडे लुगड्यांतला पुरुष ही कांहीं शहरी नाटकगृहांतलीच वस्तु नव्हे. पेठ वडगांवसारखें गांव घ्या. सेनापति धनाजी जाधवांच्या समाधीचें हें गांव. जुन्या कोल्हापूर संस्थानांतली ही मोठी पेठ. अशा बाजारपेठेंत जत्रेच्या दिवसांत तमाशाचा फड उतरे, ढोलकी आणि कडें वाजूं लागे, आणि पायांत चाळ बांधलेला ‘नाच्या पोऱ्या’ बोर्डावर येई. शेजारच्या तासगांव भागांतील सावळजच्या उमाबाबूंनीं १८६५ च्या सुमारास ‘मोहना-बटाव’ हा वग रचला. त्या काळापासून कितीतरी वर्षें तमाशांतल्या नायिका अशा पोऱ्यांनींच उभ्या केल्या. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं पठ्ठे बापूरावांच्या फडांत हिवरगांवची पवळा आली व तिच्या नांवावर लोक लोटूं लागले, तेव्हां या पोऱ्याच्या भाग्याची उतरती कळा लागली.

आतां गंमत अशी, कीं हाच खेडूत प्रेक्षक बैलगाडी जोडून कोल्हापुरास संगीत नाटकाला गेला, तर तेथेंहि त्याला लुगड्यांतला पुरुषच दिसे. वस्त्र तेंच, मुरका तोच, गाणें अधिक शास्त्रोक्त, एवढेंच. पण एकाला लोक ‘नाच्या’ म्हणून हिणवीत आणि दुसऱ्याच्या लुगड्याच्या काठाची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. हा भेद कलेचा किती आणि जातीचा व पैशाचा किती, याचा हिशेब आपल्या नाट्येतिहासकारांनीं मोकळेपणानें मांडलेला नाहीं. केशवरावांच्या चरित्रांत मात्र तो प्रश्न टाळतां येत नाहीं.

त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. घरची स्थिति अत्यंत हलाखीची; त्यामुळें पाटी-पुस्तकाचा संबंध फारसा न येतांच हा मराठ्याचा मुलगा अगदीं कोंवळ्या वयांत जनुभाऊ निमकर यांच्या ‘स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी’त दाखल झाला. त्या काळीं नाटकमंडळी म्हणजे गरिबाच्या मुलास दोन वेळचें अन्न, अंगावर वस्त्र आणि गळा असेल तर फुकट तालीम. मोबदल्यांत मंडळी त्याचा आवाज वापरी. हा सौदा निष्ठुर होता खरा; पण ज्याच्यापाशीं दुसरें कांहींच विकावयास नाहीं, त्याला तो वाईट वाटत नसे. आवाज फुटला कीं बहुतेक पोरांचें नायिकापण संपे, आणि मग पडदे ओढणें किंवा दासीचीं, शिपायाचीं किरकोळ कामें करणें नशिबीं येई.

देवलांचें ‘संगीत शारदा’ १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. पैशाच्या लोभानें बाप आपली कोंवळी मुलगी एका जरठाला द्यावयास निघतो, अशी ती कथा. निमकरांच्या मंडळींत या शारदेची भूमिका केशवरावांकडे आली, आणि त्या एका भूमिकेनें बाळ केशव ‘केशवराव’ झाला. आम्हांस या प्रसंगाचें फार नवल वाटतें. दारिद्र्यामुळें घराबाहेर पडलेला, आपलें आयुष्य कोणाच्या हातीं पडलें आहे हें पुरतें न समजणारा एक मुलगा, बापाच्या दारिद्र्यामुळें व लोभामुळें विकल्या जाणाऱ्या मुलीचें दुःख गात आहे! वयानें तो शारदेहूनहि लहान असेल. प्रेक्षकांच्या डोळ्यांस पाणी आलें तें देवलांच्या शब्दांनीं आलें, कीं त्या आवाजांतल्या एखाद्या खऱ्या कंपानें, हें आतां कोणी सांगावें? (पुढें १९२९ सालीं बालविवाहास बंदी घालणारा कायदा झाला, तो हरविलास शारदा यांच्या नांवावरून ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला; हा योगायोग मराठी माणसास सुखावणाराच आहे.)

केशवरावांचा आवाज ही निसर्गाची विलक्षण देणगी होती. तो उंच पट्टींत सहज चढे, तिन्ही सप्तकांत फिरे, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळांत पिटांतल्या शेवटच्या माणसापर्यंत जाऊन पोंचे. या आवाजाला त्यांनीं पुढें पंडित रामकृष्णबुवा वझे यांच्या तालमींत घातलें. वझेबुवांची गायकी आक्रमक. तिचें पाणी केशवरावांच्या तानेंत पुरतें उतरलें. बालगंधर्वांचा सूर मनाला गोंजारी. केशवरावांचा मनाचा कब्जा घेई. त्यांच्या ताना कधीं कधीं नाटकाचा बांध फोडून बाहेर जात, असा आक्षेप घेतला जाई, आणि तो अगदींच खोटा मानण्याचें कारण नाहीं. पण ज्याला रूपाच्या जोरावर नायिका व्हावयाचें नाहीं, त्यानें आवाजाचा जोर लावावा, हें क्रमप्राप्तच नव्हे काय? देखणेपणांत नारायणराव राजहंसांशीं स्पर्धा करण्याच्या भरीस ते पडले नाहींत, हा त्यांचा व्यवहारी शहाणपणा होता.

१ जानेवारी १९०८ रोजीं, अवघ्या सतराव्या वर्षीं, केशवरावांनीं हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. कालपर्यंत ज्याचा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो आज मालक झाला. मंडळीच्या आरंभींच्या वर्षांत ते स्त्रीभूमिका करीतच होते. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकांतील त्यांची मृणालिनी गाजली. १९१२ सालीं याच मंडळीनें हिराबाई पेडणेकर यांचें ‘दामिनी’ रंगभूमीवर आणलें. स्त्रीनें लिहिलेलें नाटक धंदेवाईक मंडळीनें करावें, ही त्या काळीं केवढी धाडसाची गोष्ट! आणि तरीहि त्यांतली स्त्री उभी करावयास पुरुषच लागला. लेखणी स्त्रीची चालली; पाऊल मात्र चाललें नाहीं.

यानंतर मंडळीनें सामाजिक नाटकांची कांस धरली. हुंड्याच्या प्रश्नावरचें मामा वरेरकरांचें ‘हाच मुलाचा बाप’ १९१६ सालीं, आणि धर्मांतराच्या प्रश्नावरचें ‘संन्याशाचा संसार’ १९१९ सालीं आलें. पौराणिक शालू-शेल्यांच्या दुनियेंतून ललितकलादर्श चालू काळांत उतरत होती. याच वर्षांत केशवराव स्वतः स्त्रीभूमिकांकडून पुरुषभूमिकांकडे वळले.

हें वळणें दिसतें तितकें सोपें नव्हतें. भाऊराव कोल्हटकरांसारखा थोर गायक पूर्वीं असा वळला होता, हें खरें. सुभद्रा आणि वसंतसेना गाजविलेल्या भाऊरावांनीं अखेरच्या वर्षांत ‘वीरतनया’ंतला शूरसेन केला. पण प्रेक्षक एकदां ज्या वेषावर लुब्ध होतो, त्या वेषांतच तो नटाला जन्मभर पाहूं इच्छितो. बालगंधर्वांचेंच पाहा. १९२९ सालीं हिराबाई बडोदेकरांनीं स्वतःची नाटकमंडळी काढून बहिणींसह रंगमंचावर पाऊल ठेवलें. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत स्त्रियांचीं कामें स्त्रियांनींच केलीं. काळाचें चक्र फिरलें तरी बालगंधर्व साठी उलटल्यावरहि सिंधू होऊन उभे राहात, आणि लोक डोळे मिटून ऐकत. 

तमाशाच्या बाजूचें उदाहरण अधिक दुःखद आहे. कोल्हापूरचेच गणपत पाटील पुढच्या पिढींत मराठी बोलपटांतून नाच्या म्हणून अजरामर झाले. त्यांच्यावांचून बोलपटांतला फड पुरा होत नसे. अंगीं दुसऱ्या भूमिकांचें सामर्थ्य असूनहि प्रेक्षकांनीं व निर्मात्यांनीं त्यांच्याकडून एकच हातवारा मागितला. आणि तो पडद्यावर टाळ्यांनीं स्वीकारणाऱ्या समाजानें पडद्याबाहेर त्यांना त्याच हातवाऱ्यावरून टोमणे मारले. २००८ सालीं ते निवर्तले. एकास लुगडें सोडवेना, दुसऱ्यास लोकांनीं सोडूं दिलें नाहीं. केशवरावांनीं तें आपण होऊन, कीर्ति भरांत असतां सोडलें. याचें कारण एक तर त्यांचा आवाज कोणत्याहि वेषांत तोच राहणारा होता, आणि दुसरें, मंडळी त्यांची स्वतःची होती. मालकाचा हुकूम मोडावा लागला असता, तर हें साधलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

त्या निर्णयाची खरी कसोटी ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस लागली. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठीं गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनीं मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. तिकिटांचे दर शंभर रुपयांपर्यंत चढले होते, आणि तरी जागा मिळेना. दोन पट्टींतले, दोन प्रकृतींचे हे आवाज एका रंगमंचावर यावयाचे, बोलूनचालून जुगलबंदीच. कोण जिंकलें याविषयींचे वाद पुढें पिढ्यान्‌पिढ्या रंगले. ते वाद आम्ही येथें उकरीत नाहीं. नोंदवावयाचें तें एवढेंच, कीं एके काळची शारदा त्या रात्रीं महाराष्ट्राच्या सर्वश्रेष्ठ नायिकेसमोर नायक म्हणून उभी राहिली, आणि उणी पडली नाहीं. आणखी एक गोष्ट. वेदोक्त प्रकरणापासून कोल्हापूरचे शाहू महाराज आणि लोकमान्य टिळक यांच्यांत आलेलें वितुष्ट सर्वश्रुत आहे. त्याच कोल्हापूरच्या मराठ्याच्या मुलानें लोकमान्यांच्या नांवाच्या फंडासाठीं गळा मोकळा केला. कलावंताची निष्ठा कोठें वळेल याचा नियम राजकारणाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं.

तीन महिनेहि झाले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, विषमज्वरानें केशवरावांचा पुण्यास अंत झाला. वय एकतीस. मंडळीची धुरा बापूराव पेंढारकरांनीं उचलली, आणि पुढल्याच वर्षीं ‘सत्तेचे गुलाम’ करून ती बंद पडूं दिली नाहीं. बापूरावांच्या पश्चात् त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं १९४२ पासून ती पुन्हां उभी केली.

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं खासबाग कुस्ती मैदानाच्या शेजारीं बांधलेलें पॅलेस थिएटर १९१५ सालीं खुलें झालें होतें. मल्लांचा हौदा आणि गायकांचा रंगमंच पाठीस पाठ लावून असावेत, ही कल्पना त्या राजाच्याच डोक्यांत येणार! स्वातंत्र्यानंतर या नाट्यगृहास केशवराव भोसले यांचें नांव देण्यांत आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं त्याला आग लागली. छप्पर गेलें, रंगमंच गेला. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता.