खाट, खोकल्याचं औषध आणि मद्रासचे १९३ पेशंट

टीबी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? जुन्या सिनेमातला हिरो, खोकल्याची उबळ, रुमालावर रक्त. मग डोंगरावरचं सॅनेटोरियम, पांढऱ्या चादरी आणि खिडकीतून दिसणारी झाडं. आणि घरात? पेशंटचं ताट वेगळं, वाटी वेगळी, कप वेगळा. या सगळ्याचं खरं-खोटं आपल्याच देशात, तेही साठेक वर्षांपूर्वी, अगदी पद्धतशीर तपासलं गेलंय. पण शाळेच्या पुस्तकात त्याचा पत्ता नाही. म्हणून हा वीकेंड त्याच्या नावे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा रोग आपल्याकडे फार जुना. आयुर्वेदात त्याला राजयक्ष्मा म्हणतात आणि त्याची कथाही आहे. चंद्राला दक्षाच्या सत्तावीस मुली दिलेल्या, पण त्याचं सगळं लक्ष एकट्या रोहिणीकडे. मग सासऱ्याने शाप दिला आणि चंद्र झिजायला लागला. गोष्ट म्हणून छान आहे, पण त्यात एक गोम आहे. रोग झाला म्हणजे माणसाने काहीतरी केलं असणार, हे त्यात गृहीत धरलंय. ते आपल्या डोक्यातून अजूनही गेलेलं नाही.

२४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने जाहीर केलं की हा रोग एका जंतूमुळे होतो. शाप नाही, रक्तातला दोष नाही. दुसऱ्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयानेच गेल्या. वय पुरतं बावीसही नाही. जंतू सापडला होता, औषध नव्हतं. या दोन गोष्टींमध्ये साठेक वर्षांचं अंतर पडलं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, मग पास (पीएएस) आलं आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड.

मधल्या काळात डॉक्टरांकडे सांगण्यासारखं एवढंच होतं: मोकळी हवा, संपूर्ण विश्रांती आणि दूध-अंडी. त्यासाठी सॅनेटोरियमं. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं नाव जुन्या लोकांना अजून आठवतं. कल्पना वाईट नव्हती. पण आता जरा गणित करू. भोर समितीने १९४६ मध्ये अंदाज दिला होता तो असा: देशात क्षयाचे २५ लाख पेशंट, वर्षाला ५ लाख मृत्यू आणि खाटा सुमारे ६ हजार. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून जास्त माणसं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टिम स्केल होणारी नव्हतीच. खाटा दहापट केल्या असत्या तरी चाळीस जण रांगेत उभेच.

मग प्रश्न असा आला की खाट खरंच लागते का? नवी औषधं घरी बसून घेतली तर?

हे तपासायला १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चौघे त्यात होते. प्रमुख होते वॉलेस फॉक्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर. त्यांनी शहरातल्या गरीब वस्त्यांमधले १९३ पेशंट घेतले आणि त्यांचे दोन गट पाडले. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने ठरवलं. हे फार महत्त्वाचं. नाहीतर कोणीही डॉक्टर जास्त आजारी माणसाला सॅनेटोरियमला पाठवणार आणि तुलनाच बिघडणार. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. फरक एवढाच की एका गटाला सॅनेटोरियममधली खाट, विश्रांती आणि चांगलं जेवण मिळालं, तर दुसरा गट आपल्याच दाटीवाटीच्या घरात राहून, जे मिळेल ते खाऊन औषध घेत होता.

औषध खरंच घेतात का, हे कसं कळणार? कर्मचारी न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजायचे आणि लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघायचे. लॉग बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे तत्त्व तेव्हाही होतं तर!

१९५९ मध्ये निकाल छापून आले. वर्षाअखेर सॅनेटोरियममधल्यांपैकी ९२ टक्के लोकांचा रोग आटोक्यात आला होता, घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांचा. म्हणजे फरक नगण्य. त्या डोंगरावरच्या हवेचा, दुधाचा, विश्रांतीचा जो एवढा महिमा होता, त्याचं बहुतेक काम गोळ्याच करत होत्या.

पण खरी कमाल पुढे आहे. सगळ्यांना भीती होती ती घरच्यांची. पेशंट घरात ठेवला तर बायकामुलांना रोग लागणार नाही का? म्हणून दोन्ही गटांच्या घरच्यांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. ज्या घरांत पेशंट राहत होता, तिथे नवा टीबी जास्त झाला नाही. कारण सरळ आहे. लागण व्हायची ती बहुतेक रोग कळण्याआधी, औषध सुरू होण्याआधी झालेली असते. योग्य औषध सुरू झालं की माणसापासूनचा धोका झपाट्याने कमी होतो. आणि हा जंतू खोकल्यातून हवेवाटे पसरतो, ताट-वाटीतून नाही.

जरा थांबून हे पुन्हा वाचा. आपण माणसाला वेगळं काढतो ते निदान झाल्यावर, औषध चालू असताना. आणि औषध नसताना तो महिनोन् महिने खोकत लोकलने फिरत असतो, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. सगळं उलटंच.

माझ्या टीममधल्या एकाला दोन वर्षांपूर्वी टीबी झाला. त्याने ऑफिसात टायफॉईड म्हणून सांगितलं. घरमालकाला मात्र कुठूनतरी कळलं आणि महिन्याभरात त्याला खोली सोडावी लागली. त्याचं औषध तेव्हा तिसऱ्या महिन्यात होतं. मी त्याला मद्रासच्या अभ्यासाबद्दल सांगितलं तर म्हणाला, "अरे, हे मला नको सांगू, घरमालकाला सांग."

आता कोणी म्हणेल, आपले लोकच अडाणी, खोकला अंगावर काढतात, जागृती हवी. यावरही एक जुना अभ्यास आहे. १९५९ मध्ये बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तिथल्या देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या दोघांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन क्षयाच्या पेशंटना साधे प्रश्न विचारले. तुम्हाला काही त्रास होतोय का? त्याची काळजी वाटते का? काही केलंत का? १९६३ मध्ये आलेलं उत्तर असं: थुंकीत जंतू असलेल्या बहुतेक सगळ्यांना आपल्याला काहीतरी होतंय हे ठाऊक होतं, बऱ्याच जणांना काळजी वाटत होती आणि जवळजवळ निम्मे लोक दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली.

म्हणजे गावातला माणूस आपलं काम करून मोकळा झाला होता. अडाणीपणा टेबलाच्या पलीकडे होता. मद्रास आणि बंगलोरच्या या कामावरच १९६२ चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला: जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि घरी राहून फुकट औषध. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात औषधं संपायची, पेशंट मध्येच सुटायचे आणि १९९० च्या दशकात सगळं नव्याने बांधावं लागलं.

मद्रासच्या निकालाचा एक चुकीचा अर्थही निघाला, तोही सांगतो. गोळ्यांनी बरं होतं म्हटल्यावर जेवणाचा विषय मागे पडला. पण "बरं व्हायला काय लागतं" आणि "होऊ नये म्हणून काय लागतं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्या दहा हजारांहून जास्त लोकांवर अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये आला. ज्या घरांत सगळ्यांना धान्य आणि जीवनसत्त्वं दिली, तिथे नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. दूध-अंडीवाले जुने डॉक्टर अगदीच चुकीचे नव्हते तर, फक्त ताट चुकीच्या माणसापुरतं वाढत होते. ते सगळ्या घराला वाढायला हवं होतं.

असो. जगातले साधारण पाव टीबी पेशंट आज भारतात आहेत, त्यामुळे हा इतिहास अजून संपलेला नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरळ थुंकी तपासायला सांगा, नुसती बाटली घेऊन परत येऊ नका. आणि ओळखीत कुणाचं औषध चालू असेल, तर त्याच्या घरी जाऊन त्याच्याच कपातला चहा प्या. मद्रासच्या १९३ लोकांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी ते आधीच तपासून ठेवलंय.