दिनविशेष : ८ एप्रिल – बेसबॉलमधील दोन अडसर दूर झाले तो दिवस

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम साधारणतः मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या प्रारंभी सुरू होतो. त्यामुळे ८ एप्रिल या तारखेला अनेक संघांचे आणि खेळाडूंचे पहिले सामने झाले आहेत. या खेळातील वर्णभेदाच्या इतिहासातही ही तारीख दोनदा महत्त्वाची ठरली.

१९४६ : पिचर जिम ‘कॅटफिश’ हंटर यांचा जन्म. १९६८ मध्ये त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत न पोहोचू देता ‘परफेक्ट गेम’ नोंदवला.

१९५४ : कॅचर गॅरी कार्टर यांचा जन्म. १९८६ ची वर्ल्ड सीरिज जिंकणाऱ्या न्यूयॉर्क मेट्स संघाचे ते आधारस्तंभ होते.

१९६९ : मेजर लीगमधील चार नव्या संघांनी एकाच दिवशी पदार्पण केले आणि चौघांनीही विजय मिळवला. त्यांपैकी माँट्रियल एक्सपोज हा अमेरिकेबाहेरील पहिला संघ होय. त्याने मेट्सचा ११-१० असा पराभव केला. कॅन्सस सिटी रॉयल्स, सॅन डिएगो पाड्रेस आणि सिअ‍ॅटल पायलट्स हे अन्य तीन संघ.

१९७४ : अटलांटा ब्रेव्ह्जच्या हँक अ‍ॅरन यांनी लॉस एंजलिस डॉजर्सचे पिचर अल डाउनिंग यांचा चेंडू कुंपणापार धाडला. हा त्यांचा ७१५ वा होमरन. बेब रूथ यांचा ७१४ होमरनचा विक्रम १९३५ पासून अबाधित होता. मैदानात ५३,७७५ प्रेक्षक उपस्थित होते. मात्र या विक्रमाकडे वाटचाल करताना अ‍ॅरन यांना मोठी किंमत मोजावी लागली. गोऱ्या खेळाडूचा विक्रम कृष्णवर्णीयाने मोडावा, हे अनेकांना सहन होत नव्हते. १९७३ मध्ये त्यांना सुमारे ९ लाख ३० हजार पत्रे आली. त्यांत प्रोत्साहनाची पत्रे पुष्कळ होती, तशीच वर्णद्वेषी शिवीगाळीची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांचीही होती. त्यांना अंगरक्षक घेऊन वावरावे लागले. निवृत्तीच्या वेळी त्यांच्या नावावर ७५५ होमरन होते. हा विक्रम बॅरी बाँड्स यांनी २००७ मध्ये मोडला.

१९७५ : बरोबर एका वर्षाने फ्रँक रॉबिन्सन यांनी क्लीव्हलँड इंडियन्सचे (आजचा गार्डियन्स संघ) व्यवस्थापक म्हणून पहिला सामना खेळवला. मेजर लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक होत. बेसबॉलमध्ये ‘व्यवस्थापक’ हा कार्यालयीन अधिकारी नसतो. संघाची निवड, पिचर बदलणे आणि सामन्यातील डावपेच यांचे निर्णय तो घेतो. जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी मेजर लीगची दारे पुन्हा उघडली. तरीही संघाची सूत्रे हाती येण्यास आणखी २८ वर्षे लागली. ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सीरिजच्या वेळी जॅकी यांनी या विषमतेकडे जाहीरपणे लक्ष वेधले होते. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले. १९७५ च्या या सामन्यात प्रारंभीचा चेंडू त्यांच्या पत्नी रेचेल रॉबिन्सन यांनी टाकला. फ्रँक हे त्या वेळी खेळाडूही होते. पहिल्याच डावात, हंगामातील आपल्या पहिल्याच फलंदाजीत त्यांनी होमरन मारला आणि क्लीव्हलँडने न्यूयॉर्क यँकीजवर ५-३ अशी मात केली. पुढे एक्सपोज संघाच्या माँट्रियलमधील अखेरच्या हंगामांतही तेच व्यवस्थापक होते.

१९९३ : क्लीव्हलँडच्या कार्लोस बाएर्गा यांनी यँकीजविरुद्ध एकाच डावात उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांच्या फलंदाजीने होमरन मारले. मेजर लीगमध्ये असा पराक्रम त्यापूर्वी कोणीही केला नव्हता.

अ‍ॅरन यांचा आकडा पुढे मागे पडला. परंतु त्या काळात द्वेषाला न डगमगता त्यांनी दाखवलेल्या धैर्यामुळे त्यांच्या ७१५ व्या होमरनचे स्मरण आजही आदराने केले जाते. फ्रँक रॉबिन्सन यांच्या नियुक्तीने दुसरी गोष्ट स्पष्ट केली : कृष्णवर्णीयांना खेळण्याची संधी मिळणे आणि निर्णयाचा अधिकार मिळणे, या दोहोंत जवळजवळ तीन दशकांचे अंतर होते.