कागदी भिंतींचे सांधे

अमेरिकेंतील जुन्या घरांत सायंकाळीं कोपऱ्यांतला दिवा लागला कीं भिंती आपलें खरें रूप प्रकट करूं लागतात. दिवसा सपाट भासणाऱ्या पृष्ठावर उंचवटे दिसूं लागतात. कोठें कागदाची पट्टी फुगलेली असते, तर कोठें केसाएवढी चीर छतापर्यंत धांवत गेलेली असते. घरमालक रंगाऱ्यास दोष देतो. वस्तुतः दोष रंगाचा नसून सांध्याचा असतो, आणि भिंतीला सांधा असणें हीच मुळीं अलीकडची गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तेथील घरांच्या आंतल्या भिंती बहुधा गिलाव्याच्या असत. लाकडी सांगाड्यावर अरुंद पट्ट्या ठोकावयाच्या, त्यांवर गिलाव्याचे तीन थर द्यावयाचे, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावयाचें, अशी रीत होती. काम आठवडेच्या आठवडे चाले. पण भिंत एकसंध होई. १८९४ सालीं ऑगस्टीन सॅकेट यानें एका नव्या तक्त्याचें पेटंट मिळविलें. लोकरमिश्रित कागदाचे चार पदर व त्यांमध्यें प्लॅस्टर ऑफ पॅरिस असा हा पाव इंच जाडीचा तक्ता होता. तो गिलाव्याखालीं, लाकडी पट्ट्यांच्या जागीं बसवावयाचा. उघडी भिंत म्हणून मिरविण्याकरितां नव्हे. पुढें युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीनें सॅकेटचा धंदा विकत घेतला, आणि १९१७ च्या सुमारास जिप्समचा एकच गाभा व दोहों अंगांस कागद असलेला तक्ता ‘शीटरॉक’ या नांवानें बाजारांत आणला. गिलाव्याची गरज संपली. सांधा मात्र जन्मास आला.

जिप्सम या खनिजाच्या वजनाचा सुमारें पांचवा हिस्सा पाणीच असतें. आग लागली असतां तें वाफ होऊन निघून जाईपर्यंत भिंत ज्वाळांना थोपवून धरते. एवढा गुण असूनही लोकांस हा तक्ता प्रथम रुचला नाहीं. गिलावा तो गिलावा, आणि हा स्वस्त माल, अशीच समजूत होती. दुसऱ्या महायुद्धानें ती पालटली. मजूर दुर्मिळ झाले, आणि १९४५ नंतर परतलेल्या सैनिकांना घरें तांतडीनें हवीं होतीं. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन येथें १९४७ ते १९५१ या काळांत १७,००० हून अधिक घरें उभीं राहिलीं. त्यांच्या भिंती तक्त्यांच्याच होत्या. अनेक वर्षांच्या उमेदवारीनें कमावलेलें गिलावेवाल्याचें कसब हळूहळू मागें पडलें.

खरें पाहतां सांधा भरणें हेंही कसबच आहे. तक्त्याचे लांब कांठ किंचित् निमुळते केलेले असतात, त्यामुळें दोन तक्ते जोडले असतां मध्यें उथळ पन्हळ राहते. तींत लुकण भरावयाचें, त्यावर कागदी पट्टी दाबून बसवावयाची, आणि वर आणखी थर द्यावयाचे, प्रत्येक आधीच्याहून रुंद. आंखूड कांठांना ही पन्हळ नसते. तेथें लुकण दोहों बाजूंस फूटभर तरी पसरलें नाहीं तर उंचवटा लपत नाहीं. घाईच्या कामांत नेमका येथेंच हात आंखडला जातो. पट्टीखालीं लुकण कमी पडलें कीं ती कोरडी राहून फुगते. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतील जिप्समच्या छतांवर दिसणाऱ्या सरळ चिरांमागें पुष्कळदां हीच कथा असते.

फुगलेल्या पट्टीवर वरून लुकण चोपडणें व्यर्थ आहे. ती कापून काढावी, सुटलेलें सर्व खरवडावें, आणि फट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होणाऱ्या लुकणानें भरावी; वाळतांना आकसणारें तयार लुकण या कामीं तितकें उपयोगी नाहीं. मग ओल्या थरांत नवी पट्टी बसवून रुंद पात्यानें खालचें जादा लुकण व हवा बाहेर काढावी, आणि पुढचे थर सावकाश द्यावेत. दिवा भिंतीलगत आडवा धरून पाहिल्यावांचून रंगास हात लावूं नये.

परंतु कांचकागद हातीं घेण्यापूर्वीं घराचें वय पाहिलेंच पाहिजे. लुकणास बळकटी यावी म्हणून त्यांत अनेक वर्षें ॲस्बेस्टॉस मिसळीत असत. घासतांना त्याचे सूक्ष्म तंतू हवेंत उडतात, फुप्फुसांत शिरतात, आणि त्यांपासून होणारा रोग कित्येकदां वीस-तीस वर्षांनीं प्रकट होतो. अमेरिकेनें १९७७ सालीं अशा लुकणावर बंदी घातली. पण भिंतींत बसलेलें लुकण कायद्यानें निघून गेलें नाहीं. म्हणून त्यापूर्वींच्या, किंवा लगतच्या काळांतल्या घरांत लहानसा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घेतात. ॲस्बेस्टॉस आढळल्यास जुना सांधा घासूं नये. कित्येक ठिकाणीं जाणकारांच्या देखरेखीखालीं जुन्या भिंतीवरच पातळ नवा तक्ता चढवितात. त्याचे सांधे मात्र पुन्हां नव्यानें भरावे लागतात.