शालेय मुलींचे व्हॉलीबॉल : कोल्हापूर विभागात पहिल्या सामन्यापासूनच कसोटी

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होत असल्याने कोल्हापूर विभागातील मुलींच्या व्हॉलीबॉल संघांपुढे सरावाचा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे या विभागात मोडतात.

तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी स्पर्धेची चढती रचना असून १४, १७ व १९ वर्षांखालील असे तीन गट आहेत. सामने सहसा बाद पद्धतीने होत असल्याने एका पराभवानेही वर्षभराची मेहनत वाया जाते. दहावी-बारावीच्या विद्यार्थिनींच्या क्रीडागुणांची सवलतही याच वाटचालीवर अवलंबून असते.

शालेय गटात उंच स्मॅशरपेक्षा अचूक सर्व्हिस आणि पहिला पास अधिक निर्णायक ठरतो. सध्याच्या गुणपद्धतीत प्रत्येक चुकीचा गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. २५ गुणांच्या सेटमध्ये पाच सर्व्हिस जाळीत गेल्या, तर पाच गुण आयतेच बहाल होतात. गतवर्षीची सेटर वयोमर्यादेमुळे गटाबाहेर गेली असल्यास संघाची घडी नव्याने बसवावी लागते. त्यामुळे जुन्या विजेतेपदावरून यंदाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

बंदिस्त सभागृह असलेल्या शाळांना पावसात सरावाचा लाभ मिळतो. चिखलाने मैदान बंद पडलेल्या शाळांनी व्हरांड्यातील भिंतीवर पासचा सराव अखंड ठेवला, तर हे अंतर बरेच कमी करता येईल.