तेजोमेघांचे अंतर

अभिजित ताऱ्याचे ‘वेगा’ हे नाव अरबी ‘वाकिअ’वरून, झेपावणाऱ्या गिधाडाच्या नावावरून, युरोपात गेले. त्याच तारकासमूहात शेल्याक आणि सुलाफात हे तारे आहेत. नावे अरबीच, सुलाफात म्हणजे कासव. या दोघांच्या मध्ये १७७९ साली दुर्बिणीतून एक फिकट कडे दिसले. ते किती दूर आहे, हे खात्रीने सांगायला दोन शतकांहून अधिक काळ लागला.

अशा गोल ठिपक्यांना विल्यम हर्षलने ‘ग्रहीय तेजोमेघ’ म्हटले, कारण ते ग्रहाच्या बिंबासारखे दिसत. ग्रहांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने वर्णपट तपासला आणि तो विरळ, चमकणारा वायू निघाला. विझत चाललेल्या ताऱ्याने अंगावरून उतरवलेला हा पेहराव आहे, हे पुढे उमगले.

पण अंतराशिवाय सारे अधुरे. जवळची पणती आणि दूरची मशाल डोळ्याला सारखीच दिसते. आकार, तेज, वय, काहीच ठरत नाही.

१९५६ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी तोड काढली. सर्व तेजोमेघांतील वायूचे वस्तुमान सारखेच आहे असे मानायचे. मेघ पसरतो तसा विरळ आणि मंद होतो. म्हणून त्याच्या पृष्ठभागाच्या तेजावरून खरा आकार काढायचा, आणि तो आकाशात केवढा दिसतो यावरून अंतर. युक्ती सुरेख होती, पण पाया कच्चा. वस्तुमान सारखे नसतेच. एकाच मेघाच्या अंतरात दुपटीचा फरक पडू लागला.

मग हबल दुर्बिणीने काही वर्षांच्या अंतराने छायाचित्रे घेऊन ‘मांजराच्या डोळ्या’चे पसरणे मोजले. वायूचा वेग वर्णपटातून ठाऊक होता. १९९९ मध्ये उत्तर आले : सुमारे ३,३०० प्रकाशवर्षे, तेही पाव हिश्शाहून अधिक अनिश्चिततेसह.

२०१३ मध्ये झेपावलेल्या गाया यानाने २०२५ पर्यंत ताऱ्यांचे पराशय मोजले. पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेमुळे तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो, ते सरकणे म्हणजे पराशय. येथे कोणतेही गृहीतक नाही, निव्वळ भूमिती. कड्याचे अंतर अडीच हजार प्रकाशवर्षांच्या आसपास ठरले. तरी ज्यांचा मधला तारा फार मंद किंवा फार दूर आहे, त्यांच्यासाठी आजही तेजावरूनच अंदाज बांधावा लागतो. फक्त आता तो गायाच्या मापांवर पडताळून घेता येतो.

हर्षलचे नाव चुकले, श्क्लोव्स्कींचे गृहीतक चुकले. पण दोघांनी चूक उघड्यावर ठेवली, म्हणून पुढच्याला ती सुधारता आली. इल्मची वाट अशीच पुढे सरकते.